ठाणे–कल्याण–मानपाडा–ठाणे: काकांची गाडी आणि तिचा खरा गियरबॉक्स

जुन्या गाडीच्या गियरबॉक्सचं काम काढणार असाल तर हे वाचून मगच घराबाहेर पडा. आम्ही शनिवारी उलटं केलं.

आम्ही म्हणजे मी आणि मोकाशीकाका, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, मृणालचे बाबा. त्यांच्या जुन्या गाडीचा दुसरा गियर टाकताना करकर आवाज यायचा. मी मेकॅनिकल डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडलाय, पण मृणालनेच "ह्याला घेऊन जा" म्हणून घरी गळ घातली. मला मात्र आदल्या दिवशी बजावलं, "रविवारी नाशिकचं स्थळ बघायला जायचंय. आपलं बाबांना सांगितलंय; तू पटलास तर ते रद्द करतीलही. फक्त डोकं फिरवून घेऊ नकोस रे."

सातला ठाण्याहून निघालो. भिवंडी बायपासला कंटेनरची रांग लागलेली, कोनगाव पार करून कल्याणात शिरायला दीड तास गेला. मिसळ खाल्ली; तिखट झेपत नसेल तर दही मागा. मग जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात काकांनी आरसी बुक पुढे केलं, "ह्या मॉडेलची दुसऱ्या गियरची रिंग द्या." मी म्हटलं, "आधी बॉक्स उघडून बघू या का?"

"माझी गाडी मला माहितीये. चार गियर, दांड्याच्या नॉबवरच लिहिलंय."

मी रिंग पिशवीत टाकली.

कल्याण–शीळ रस्त्याने मानपाड्याला आलो. खड्डे मोजू नका, दिवस पुरायचा नाही. तिथे दत्ता मिस्त्रींचं गॅरेज. त्यांनी दुपारपर्यंत बॉक्स उतरवून उघडला आणि आणलेली पितळी रिंग लावून पाहिली. ती गियरवर बसेचना.

काका म्हणाले, "जरा ठोकून बसवा."

इथे माझं डोकं फिरलं. "अहो काका, ठोकून काय बसवायचं? बॉक्सच वेगळा आहे! चुकताय तुम्ही!"

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. संपलं, मृणाल गेली नाशिकला, असंच मला वाटलं.

मिस्त्रींनी मात्र ब्रश डिझेलमध्ये बुडवला, कव्हरवरचा वर्षानुवर्षांचा चिखल घासून काढला आणि खाली धातूत ओतलेले बॉक्सच्या मॉडेलचे आकडे उघडे पडले. "पोरगा बरोबर बोलतोय, साहेब. हा टेम्पोचा बॉक्स आहे. इंजिन बदललेलं का कधी?"

"सोळा वर्षांपूर्वी," काका हळू आवाजात म्हणाले. "पेट्रोलचं डिझेल केलं. कागदावर चढवलंय की!"

"इंजिन चढलं कागदावर. त्याच्याबरोबर बॉक्स पण आलेला. नॉब तेवढा जुनाच लावला कुणीतरी." मिस्त्रींनी दांडा उजवीकडे नेऊन वर ढकलला. खट्. "हा पाचवा. सोळा वर्षं नवाकोरा ठेवलात साहेब, लग्नातल्या शालूसारखा!"

काका आधी लाल झाले, मग इतके हसले की टायरवर बसावं लागलं. मीही हसलो, पण जरा अंतर राखून.

मिस्त्रींनी दुकानदाराला फोनवर आकडे सांगितले, मी शेअर रिक्षाने कल्याणला जाऊन रिंग बदलून आणली. पाचला बॉक्स परत चढला. दुसरा गियर लोण्यासारखा पडत होता.

परतताना शीळफाट्याच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. "पाचवा कधी टाकायचा?" काकांनी विचारलं.

"साठच्या वर."

टाकला. इंजिनाची घरघर एकदम खाली आली. सकाळपासून आम्ही ओरडूनच बोलत होतो. त्या शांततेत ते म्हणाले, "कॉलेज का सोडलंस?"

"सरांशी भांडलो. चूक माझीच होती. जूनमध्ये परत फॉर्म भरतोय."

"हं," म्हणत त्यांनी शीळफाट्याला गाडी मुंब्र्याकडे वळवली.

घरी मृणालने दार उघडलं. काका ग्रीसचे हात धुवायला आत जाता जाता म्हणाले, "नाशिकला फोन कर, उद्या येत नाही म्हणावं. आणि ह्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस. आवाज मोठा आहे ह्याचा, पण माझ्या तोंडावर खरं बोलला."

मी चपला काढायच्या विसरून तसाच सोफ्यावर बसलो.

तेव्हा मंडळी, पार्ट घेण्याआधी बॉक्स पुसा, आकडे वाचा, फोटो काढा. मालकाच्या शब्दावर जाऊ नका. मालक होणारे सासरे असतील तर तेच सांगा, फक्त थोडं हळू आवाजात. माझं निभावलं, दर वेळी निभावेलच असं नाही.