ओळखा, यांतला कोण?

बनारसच्या कचहरीत तीस वर्षं वकिली केली की किस्से जमवावे लागत नाहीत, धुळीसारखे काळ्या कोटाला आपोआप चिकटतात! माझे सिनियर करंबेळकरकाका मंगला गौरीच्या मंदिराजवळ राहायचे. फौजदारी वकील. म्हणायचे, "साक्षीदार बहुतेक खरंच बोलतो रे. चुकतात ते त्याचे डोळे!"

*

जेलमधली ओळख परेड. आरोपीच्या गालावर मोठा तीळ. तो झाकायचा म्हणून रांगेतल्या दहाही जणांच्या गालांवर कागदाच्या चिप्प्या लावल्या. साक्षीदार मिठाईवाला. दोनदा रांगेपुढून फिरला आणि मॅजिस्ट्रेटना हात जोडून म्हणाला, "हुजूर, इनमें कोई नहीं. चोर के गाल पर कागज नहीं था!"

*

मुन्शी घाटावर एका यात्रेकरूची पिशवी कुणीतरी पळवली. एक वयस्क पंडितजी कोर्टात आरोपीकडे बोट दाखवून ठाम, "यही है!"

काकांनी अदबीनं विचारलं, "आप उस समय कहाँ थे?"

"गंगाजी में. छाती तक पानी में."

"और चश्मा?"

पंडितजी चिडले, "नहाते समय चश्मा कौन पहनता है?"

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं!

*

एकदा मीच फसलो. व्हरांड्यात पक्षकाराला अर्धा तास केस समजावली. तो शेवटी म्हणाला, "वकील साहब, हम तो चाय के गिलास लेने आए हैं!"

काका हसले, "देवाचे आभार मान, तू साक्षीदार नाहीस!"

*

आमच्या ओळखीतल्या तळवलकरबाई, निवृत्त शिक्षिका. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर त्यांची चेन कुणीतरी खेचली. पोलिसांनी रामधनी नावाचा नावाडी पकडला. परेडमध्ये बाईंनी त्यालाच ओळखलं. अकरा महिने तो आत.

कोर्टात आरोपीतर्फे काका उठले. "जेलच्या आधी हा चेहरा कुठं पाहिला होतात?"

बाईंनी रामधनीकडे नीट पाहिलं. मग हिंदी सुटून मराठीच आली, "वकीलसाहेब... परेडच्या आधी पोलीस ठाण्यात मला याचा फोटो दाखवला होता हो. मी तो फोटोच ओळखला. घाटावरचा माणूस हा नव्हे!"

"क्या कह रही हैं?" जजसाहेबांनी विचारलं.

बाईंनी सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. एकही शब्द मागे घेतला नाही.

रामधनी सुटला. बाहेर येऊन बाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. "अरे, मैंने ही तो तुम्हें जेल भेजा था!"

तो म्हणाला, "भेजने में तो सब साथ थे, माई. छुड़ाया आपने अकेले."