कोऱ्या फोनमधली हाक

खरं सांगते, दैवी संकेत, चमत्कार वगैरे ऐकलं की हसणाऱ्यांतली मी. माझं कामच तसं – डिजिटल फॉरेन्सिक्स. क्लाउडवरची फाईल डिलीट केली तरी फोनमध्ये तिची काय खूण उरते, यावर माझी पीएचडी चालू आहे. प्रत्येक फाईल कुठून तरी आलेली असते... असं मी धरून चालले होते.

कॉलेज धाराशिवला, घर बेंबळीला. मागच्या हिवाळ्यात चाचणीसाठी नवाकोरा फोन घेतला. सिम नाही, अकाउंटही नवं. त्यात फक्त माझ्याच फाईली टाकल्या – खुर्चीचे फोटो, पंख्याचे फोटो, माझ्या आवाजात म्हटलेले आकडे. मग सगळं डिलीट करून काय उरलंय ते शोधायला बसले.

एक ऑडिओ फाईल जास्तीची निघाली. क्लाउडच्या नोंदींत ती अपलोड झाल्याचं कुठंच नव्हतं, फोनवर रेकॉर्ड झाल्याचंही नाही. माझे गाईड म्हणाले, काहीतरी भेसळ झाली असेल, पुन्हा कर.

घरी लॅपटॉपवर ती परत लावली. वारा, शेळ्यांचं ओरडणं आणि एका बाईचा आवाज – "चल गं चांदे, हळू चल. अक्का असती तर तुला खांद्यावर घिऊन गेली असती."

भाकरी थापणारी आई उठून जवळ आली.

"शेवंता हाय ही."

शेवंता म्हणजे आईची धाकटी बहीण. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आजोबांनी तिचं नाव टाकलं, मग आईनंही. माझ्या जन्माआधीची गोष्ट. मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. ती लोहाऱ्याच्या पुढं एका वस्तीवर राहते हे आईला ठाऊक होतं, पण पाय कधी वळला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी एसटीनं निघालो. लोहाऱ्याच्या स्टँडवर आईनं बहिणीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, माप आठवेना म्हणून दोन मापांच्या. पुढं जीप.

मावशी अंगणात शेळ्यांची दावी सोडत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे... आईनं बांगड्या पदराआड घेतल्या. काका वारले होते, मूलबाळ नव्हतं. शेळ्या विकून मावशी पुण्याला कुणाकडं तरी घरकामाला निघाली होती. व्यापारी यायचाच होता.

एक शेळी लंगडत होती. आईनं तिच्याकडं बघत विचारलं, "हिला चालवताना काय म्हणत असतीस गं?"

मावशी गोंधळली. मग खाली बघत तेच बोलली – चांदी, हळू, अक्का, खांदा – शब्द न् शब्द.

"तुला कुणी सांगितलं, अक्का? इथं माझ्याबिगर कुणीच न्हाय."

आई पुढं झाली. तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ रडत राहिली.

व्यापाऱ्याला आम्ही परत पाठवलं. मावशी आता आमच्याकडं असते, शेळ्यांसकट. चहात साखर किती, यावरून दोघींचं रोज सकाळी वाजतं.

मावशीकडं साधा बटणांचा फोन. वस्तीवर रेंज नाही. तीच चाचणी मी कितीदा तरी केली, दरवेळी फक्त माझ्याच फाईली निघाल्या. प्रबंधात त्या एका फाईलपुढं 'उगम अज्ञात' लिहिलंय, गाईडनी ते खोडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा, मी अजून शोधतेच आहे.

आईला आणि मावशीला मात्र हा प्रश्न एकदाही पडलेला नाही.