फवारलेले बोंबील

व्हिडिओ माझ्यापर्यंत आला तोवर तलासरीत तो बहुतेकांनी पाहिलेला होता. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस वाळूत पसरलेल्या सुक्या मासळीवर पंपाने काहीतरी फवारतोय, आणि खाली लिहिलंय की माश्या बसू नयेत म्हणून चिंचणीच्या बोंबलांवर विष मारतात. २०१८ चा मे महिना होता. पाड्यांवरची माणसं पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवतात ती याच दिवसांत. माझी आई चिंचणीहून टोपल्या घेऊन तलासरीच्या बाजारात बसायची. एकदा पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आमचं घर या विक्रीवरच चालायचं.

व्हिडिओ आमच्याकडचा नव्हताच. बोंबील आम्ही वाळूत पसरत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर टांगायची. त्या दातांनी माझी बोटं लहानपणापासून सोलली आहेत. हे सगळं मी नीट लिहून आमच्या शाळेच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. खाली एक अंगठा आला. मग पुन्हा तोच व्हिडिओ आला, या वेळी डहाणूत दोघं दवाखान्यात असल्याची भर घालून. टाकणारा माझा वर्गमित्र. मी फोन केला तर म्हणतो, "खरं असलं तर? सावध केलेलं बरं ना." असा संताप आला मला. त्याचं काम एका बोटात झालं होतं आणि मी जबडा कसा अडकवतात ते समजावत बसले होते.

सुट्टी टाकून मी आईबरोबर बाजारात गेले. दरवर्षी आमच्याकडेच घेणारी एक बाई आली, तिने बोंबील उचलले, हुंगले आणि परत ठेवले. "मावशी, यंदा राहू दे. घरात बारकी पोरं आहेत."

आई दिवसभर फडक्याने माश्या हाकत असते. मी ते फडकं तिच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, बसू देत माश्या, विष असतं तर बसल्या असत्या का? बसल्या. मी त्या बाईला हाक मारून दाखवल्या. तिने नाक मुरडलं. "शी, किती घाण माल." म्हणजे माश्या नसल्या तर विष आणि असल्या तर घाण. शेवटी मी एक बोंबील कच्चाच तोंडात घालून चावला, तर शेजारचा भाजीवाला हसत म्हणाला, "ताई, स्वतःसाठी वेगळे ठेवले असतील तुम्ही." विष आहे म्हणणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. नाही म्हणणारीने मात्र काय काय करून दाखवायचं?

भरल्या टोपल्या घेऊन आम्ही घरी आलो. आई लगेच स्वयंपाकाला लागली; माझी मुलगी भुकेजून ताट घेऊन बसलीच होती. आईने कालवणासाठी बोंबील काढले, गरम पाण्यात धुतले, पाणी ओतून दिलं, पुन्हा धुतले, आणि आणखी पाणी तापत ठेवलं. एरवी आम्ही ते एकदाच धुतो.

"आई, हे काय? तूच वाळवलेत ना?"

"मीच वाळवलेत." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "पण एवढी माणसं म्हणतायत, बाय. पोरीला आज वरणच वाढ."