यांनीच वाढवलं
गुड फ्रायडेच्या भक्तीत येशूवरच्या खटल्याचा उतारा वाचतात, आणि खोटे साक्षीदार पुढे आले की मला सिंगापुरातल्या आंग मो किओची ती कंपनी आठवते. वीसेक वर्षांपूर्वी मी तिथे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या परवान्यावर, इंजिनिअर होतो. मॅनेजरने घाईपायी भट्टीचं तापमान वाढवलं आणि सर्किट बोर्डांचा अख्खा लॉट जळाला. दोष मात्र त्याने लाइनवरच्या वयस्क मलेशियन बाईंवर टाकला. मला बाजूला घेऊन तो हसत म्हणाला, "तूही त्यांनाच पाहिलंस ना? तुझा पास पुढच्या महिन्यात संपतोय." चौकशीच्या खोलीत बाई समोरच बसल्या होत्या. "तू तिथेच होतास, सांग ना त्यांना," त्या म्हणाल्या. टेबलाकडे बघत मी म्हणालो, "यांनीच वाढवलं." बाई भांडल्या नाहीत. गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. माझा पास वाढला, पुढे मुलंही इथेच जन्मली. 'खोटं बोलू नये' हे त्यांना शिकवायची वेळ आली, की मी अजूनही बायकोला पुढे करतो.