ओठ दुसऱ्याच महिन्यात जुळतात

पटवर्धन बाईंबद्दल मी लिहावं, हा खरं तर माझा अधिकार नाही. त्यांच्या हाताखाली शिकून डॉक्टर झालेले कितीतरी लोक आहेत. मी जयपूरच्या मेडिकल कॉलेजातला, अजून शेवटची परीक्षा द्यायची असलेला विद्यार्थी. वडील पलटणीत स्वयंपाकी, घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि माझं लेखी मराठी हिंदी शाळेत शिकलेल्या अक्षरांवर उभं आहे. चुकेल तिथे वाचकांनी क्षमा करावी. बाई जाऊन दीड महिना झाला. त्या आमच्या घरी एकदाच आल्या होत्या... ते दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून धीर करतो आहे.

बाई आम्हाला गर्भाची वाढ शिकवायच्या. वर्गात त्या मेणाचा गोळा घेऊन यायच्या आणि बोलता बोलता बोटांनी एकेक आठवडा घडवायच्या. मापं सगळी स्वयंपाकघरातली. चौथ्या आठवड्यात तांदळाचा दाणा, पण त्यात हृदय हलू लागलेलं. सहाव्यात शेंगदाणा. आठव्यात खारीक, आणि त्या खारकेला हातापायांची बोटं. "मैडम की क्लास से निकलो तो भूख लगती है," असं मागच्या बाकावरची मुलं म्हणायची. बाईंच्या वरच्या ओठावर जुन्या टाक्यांची एक रेघ होती आणि त्या थोडं नाकात बोलायच्या. मुलं त्यांची नक्कल करायची. पहिल्या वर्षी मीही हसलो आहे, ते इथे लपवत नाही. कॉलेजच्या संग्रहातली, औषधात जपलेल्या गर्भाची बरणी कुणी टेबलावर जोरात ठेवली, तर बाई शिकवायचं थांबायच्या. "हळू. आत कुणाचं तरी मूल आहे," एवढंच म्हणायच्या.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. वहिनीला सातवा महिना होता आणि ग्रहण आलं. आईने तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं. काही खायचं नाही, काही चिरायचं नाही. वहिनी एकोणीस वर्षांची. तिला भूक आवरली नाही, तिने विळीवर पेरू चिरून खाल्ला आणि आईने ते पाहिलं. पुढे रीतीप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कराडकडे गेली. तिकडून पत्र आलं, की मुलगा झाला, पण वरचा ओठ फाटका आहे. आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिला तिकडंच. लेकराचा ओठ चिरला तिनं." दादा आईपुढे बोलणारा नव्हता. तो पलटणीची गाडी घेऊन निघून जायचा आणि जेवायलाही उशिरा यायचा. चार महिने गेले... घरात वहिनीचं नाव निघेना.

मी हे बाईंना कसं सांगितलं, मला नीट आठवत नाही. फार अडखळलो असणार. त्यांनी फक्त विचारलं, "ग्रहण कितव्या महिन्यात?" आणि पुढच्याच रविवारी टांगा करून आमच्या पलटणीच्या लाइनीतल्या घरी हजर झाल्या.

आई पोळ्यांची कणीक मळत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या, कणकेचा लहान गोळा मागून घेतला आणि त्याचा चेहरा करू लागल्या. "हा भाग कपाळाकडून खाली येतो, हे दोन गालांकडून. इथे येऊन जुळतात, तो वरचा ओठ. दुसरा महिना संपायच्या आत. तेव्हा मूल खारकेएवढंही नसतं. कधी जुळायचं राहून जातं. सातव्या महिन्यात कुणी पेरू चिरो नाहीतर कलिंगड."

"तुम्हास्नी लेकरं किती?" आईने विचारलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"एकही नाही. पण मी स्वतः अशीच जन्मले." त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "माझ्या आईनं ग्रहणात सुपारी कातरली, असं आजीनं ठरवलं. आई जन्मभर माहेरीच राहिली. हे सगळं मी शिकले, तोवर ती गेली होती... तिला सांगायचं राहिलं."

आईने कणकेचे हात धुतले. तिने चहा ठेवला, बाईंनी तो घेतला. निघताना टांग्यापाशी मला म्हणाल्या, "सून घरी आली की एक कार्ड टाक." त्या महिनाअखेरीला त्या निवृत्त होऊन वर्ध्याला भावाकडे गेल्या.

मी कार्ड टाकलं नाही, कारण टाकण्यासारखं काही घडत नव्हतं. दोनदा लिहायला बसलो आणि आईची तक्रार लिहिल्यासारखं होईल म्हणून उठलो. मला वाटायचं, आईला पटलंच नाही. ते तसं नव्हतं. काही महिन्यांनी एका सकाळी चुलीपुढे बसून ती बोटं मोजत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्या म्हैन्यात ती माझ्यापाशीच हुती नव्हं? पाण्याच्या बादल्या मीच उचलाय लावल्या तिला." मग माझ्या ध्यानात आलं, इतके दिवस तिने पेरू का धरून ठेवला होता. तो सोडला, तर दोष तिच्या स्वतःकडे येत होता. मी म्हणालो, "आई, यात कुणाचाच हात नसतो. बाई वर्गात तेच सांगायच्या." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मग दादाला सांग, रजा काढ म्हणावं. मी बी येते कराडला."

वहिनी आली. बाळाला मांडीवर घेऊन आईने आधी त्याच्या ओठावरून बोट फिरवलं, मग वहिनीला म्हणाली, "वाळलीस गं." त्याच दुपारी मी वर्ध्याला कार्ड टाकलं. बाईंचं उत्तर लगेच यायला हवं होतं. पंधरा दिवसांनी आलं ते अनोळखी अक्षरात, त्यांच्या भावाचं. ते असं:

"तुमचे कार्ड पोचले. ताई त्याच्या नऊ दिवस आधी गेली. शेवटच्या आजारात ती सारखी विचारायची, जयपूरची ती सून घरी आली का. मला यातले काही ठाऊक नव्हते. पण तिचा जीव त्यात अडकला होता, म्हणून मी सांगितले, आली. त्यानंतर तिने विचारले नाही. खोटे बोललो याचे मला वाईट वाटत होते. तुमचे कार्ड वाचून ते ओझे उतरले."