आईचा बटणांचा फोन

देवावर माझा विश्वास होता, पण तोही तपासून घेतलेला. जबलपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. तिथे नापास झालेल्या प्रत्येक नगापुढे कारण लिहावं लागे, आणि तीच खोड मी घरी, देवळात, सगळीकडे नेली. आई गेल्यावर तिची राहून गेलेली नर्मदा परिक्रमा मी आणि माझी बायको मंदा टप्प्याटप्प्याने करू लागलो, तेही मंदाच्या हट्टामुळे. नदीभोवती फिरून माणूस दमतो, बाकी काही होत नाही, असं माझं मत.

निघताना मंदा आईचा जुना बटणांचा फोन झोळीत टाकायची. प्रवासात अडीअडचणीला असावा म्हणून. बॅटरी फुगू नये, उतरू नये, यासाठी ती काढून वेगळी रुमालात बांधायची. "अडचण आली की आधी गाठी सोडत बसशील का?" असं मी चिडवायचो. त्या फोनशी माझं जुनं वाकडं होतं. मी कुठेही गेलो की आई त्यावरून फोन करायची, "पोहोचलास का?" एवढंच विचारायला. चारचौघांत मला लाज वाटे आणि मी फोन कापत असे. शेवटच्या वर्षात किती वेळा कापला, ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

यंदा पौषात आम्ही शहपुऱ्याकडच्या काठाने चाललो होतो. परिक्रमेचा नियम सोपा, नर्मदामैया सतत उजव्या हाताला ठेवायची. त्या सकाळी धुकं असं होतं की हातातली काठी दिसे, तिचं टोक दिसेना. मंदाचा मोबाइल घरीच चार्जिंगला राहिला होता आणि माझा रात्रीच मरून पडला होता. तिला साखरेचा आजार. तिने पहाटे इंजेक्शन घेतलं आणि पोळीची पुरचुंडी सोडायला बसली, तर मीच घाई केली. पुढच्या गावात गरम काही खाऊ म्हणालो.

"अहो, काहून पळून राहिले एवढे? थांबा ना जरा."

"थांबलो तर इथंच दुपार होईल. चल लवकर."

मी तरातरा पुढे निघालो. वाट चुकू नये म्हणून मी "नर्मदे हर" अशी हाक द्यायची आणि तिने मागून "हर" म्हणायचं, असं ठरलं होतं. दोन-तीनदा उत्तर आलं. मग येईना. रुसली असेल, म्हटलं, आणि तसाच चालत राहिलो. एवढा मी शहाणा!

बऱ्याच वेळाने तहान लागली म्हणून पाण्याशी वाकलो, तर पाणी माझ्याकडे येत होतं. आम्ही प्रवाहाच्या दिशेने चाललो होतो, पाणी माझ्यापुढे जायला हवं होतं. मग लक्षात आलं, ही मैया नव्हेच. नदीला येऊन मिळणारा नाला होता. तो ओलांडून पुढे जायचं सोडून, "पाणी उजवीकडे" या नियमाला धरून मी नाल्याच्या काठाने आत रानात शिरलो होतो. मंदाही नियम मोडणारी नव्हती. तीही इथेच कुठे वळली असणार. पोटात अन्नाचा कण नाही आणि अंगात इंजेक्शन. साखर एकदम उतरणार होती.

मी ओरडत मागे धावलो. माझाच आवाज भलत्याच बाजूने परत येई. पक्षी नाही, कुत्रं नाही. घळी सगळ्या सारख्या. शेवटी मी चिखलात गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा कारण न विचारता म्हणालो, "आई, मला काही कळत नाही आता. तूच बघ." नर्मदेला म्हणालो की माझ्या आईला, ते सांगता येणार नाही.

तेव्हा फोन वाजला. आईच्या फोनची ती कर्कश, जुनी रिंग. मी मंदाला जिकडे शोधत होतो त्याच्या अगदी उलट, वर मटारच्या शेतातून रिंग येत होती. मी वाजेल तिकडे धावलो. थांबली की थांबलो, वाजली की निघालो.

मंदा बांधावर आडवी पडली होती. घामाने चिंब, डोळे अर्धवट. जवळ एक शेतकरीण तिचं डोकं मांडीवर घेऊन गुळाचा खडा तिच्या जिभेवर ठेवत होती.

"घंटी सुन के आई, भैया," ती म्हणाली. "बड़ी देर से बज रही थी. उठाते काहे नहीं थे आप लोग?"

बडी देर! मी तर आत्ताच ऐकली होती.

गूळ पोटात गेल्यावर मंदाने हळूहळू डोळे उघडले. "फोन कोणाचा होता? उचलणार होते, पण हातच हलेना."

मी जरा बाजूला होऊन तिची झोळी उघडली. फोन तळाशी होता, गार आणि काळा. बॅटरी रुमालात होती. रुमालाला मंदाच्या त्या दोन घट्ट गाठी तशाच होत्या. शेतकरणीने ते पाहिलं, हात जोडून कपाळाला लावले आणि मटार तोडायला निघून गेली. मंदाला मी अजून ते सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, दुसऱ्या कोणाचा वाजला असेल." असेलही. मी वाद घातला नाही. पूर्वीचा मी त्या शेतात परत जाऊन चौकशी करून आलो असतो. आता वाटतं, बायको परत मिळाली, मग त्यापुढे कारणाचा रकाना कोरा राहिला तर राहू दे. हातातलं सगळं सुटतं तेव्हा कुणीतरी धरतं, एवढं मला पुरे आहे.

पुढचा टप्पा आम्ही माघात केला. मंदा पुढे चालते, मी मागे, आणि तिने पोळी खाल्ल्याशिवाय आम्ही निघत नाही. झोळी माझ्या खांद्यावर असते. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो की मी तो फोन बाहेर काढतो, बॅटरी न घालता कानाला लावतो आणि म्हणतो, "पोहोचलो, आई."