मीडिया फोल्डर कुणी पुसलं

हे मी चार वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. आता सांगते — तुम्ही माझ्या समोर बसला आहात असं समजून.

अक्कलकुव्यातल्या एका लहान वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाची वेबसाइट मीच सांभाळते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे फुकटचं, कुण्या एका मालकाचं नाही. अडलं की मदतीच्या मंचावर प्रश्न टाकायचा. जगातला कुणीतरी अनोळखी माणूस सवडीनं उत्तर देतो. मी तशीच शिकले. थोडा गर्वही होता — का नसावा?

त्या साइटवर एक पान होतं दित्याबाबांचं. मणिबेलीकडचे म्हातारे. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, पण गावातल्या एकेका शेताची, एकेका झाडाची गोष्ट त्यांना पाठ. आमचे शब्बीरभाई, बाजारातल्या फोटो स्टुडिओचे मालक, होडीतून जाऊन त्या गोष्टी रेकॉर्ड करून आणायचे. वाचनालयात बसून साइटवर चढवायचे आणि तेच मेमरी कार्ड पुढच्या लग्नाला वापरायचे. मूळ प्रत साइटवर आहे ना, मग काळजी कसली?

काळजी माझी होती. दर महिन्याला बॅकअप घेणं माझं काम. मी घेत नव्हते — वहीत मात्र ‘घेतला’ असं लिहीत होते.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी मी अपडेटचं बटण दाबलं आणि साइट पांढरी पडली. नुसतं कोरं पान. मंचावर लिहिलं. एका गृहस्थाचं उत्तर आलं — काहीही पुसू नका, एरर-फाइलच्या शेवटच्या ओळी पाठवा. पुसू नका, हे स्पष्ट लिहिलं होतं. पण मला थांबवेना. मला वाटलं, जागा भरली असेल. सगळ्यात मोठं फोल्डर शोधलं आणि उडवलं. ते मीडिया फोल्डर होतं. बाबांचा आवाज त्यातच होता.

साइट तरीही पांढरीच. त्या गृहस्थानं मग दोष शोधून दिला — एक जुना प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, त्याचं नाव बदललं की झालं. दहा मिनिटांचं काम! साइट उठली. बाबांचं पान उघडलं तर रिकामं. त्यानं विचारलं, मीडिया फोल्डर कुणी पुसलं?

मी लिहिलं — माझ्या सहकाऱ्यानं. त्याला कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही.

तेच वाक्य मी वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत म्हटलं. शब्बीरभाई समोर होते. फोल्डर पुसलं त्या दिवशी सकाळी ते वाचनालयातल्या त्याच कॉम्प्युटरसमोर बसून गेले होते. त्यांनी वाद घातला नाही. खाली बघत म्हणाले, “मन्हाच हातथीन व्हयनं व्हई.” आपल्याच हातून झालं असेल, हे त्यांना खरंच वाटलं — कळतंय ना तुम्हाला? त्यानंतर त्यांनी रेकॉर्डिंग सोडलं. रस्त्यात भेटले की आधी तेच सलाम करायचे, अपराध्यासारखे. आणि मी तो घ्यायचे.

पुढच्या वर्षी दित्याबाबा गेले.

गेल्या महिन्यात मी दुपारची स्टुडिओत गेले. भाई पासपोर्ट फोटो कापत होते. घरून ठरवून नेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, “भाई, ते फोल्डर तुम्ही नही, मी डिलीट करं.”

त्यांची कात्री थांबली.

“चार वरीस?” मग म्हणाले, “मी बाबानी माफी मांगाले गयथू, ताई. होडीमा बशीसन. बाबा बोलना, परत ये, मी परत सांगसू. मी शरमघाई गऊच नही.”

म्हणजे बाबा पुन्हा सांगायला तयार होते, आणि भाई लाजेनं गेलेच नाहीत. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बोलले असते? — नाही. तेव्हा नसते बोलले.

भाई म्हणाले, “आते तू जाय.” मी निघाले.

दुसऱ्या दिवशी समितीला सांगितलं, वहीतल्या खोट्या नोंदींसकट. मंचावरचा तो जुना धागा कधीच बंद झाला होता, म्हणून नवा उघडला आणि लिहिलं — ते फोल्डर मी पुसलं होतं, सहकाऱ्यानं नाही. नवं कुणीतरी विचारायला आलं असेल, असं समजून एकानं उत्तर दिलं, आता साइट चालते का? चालते, असं कळवलं.

बाबांच्या रिकाम्या पानावरही मी एक ओळ टाकली: या पानावरच्या गोष्टी माझ्या हातून पुसल्या गेल्या. मग पुन्हा वाचलं. ‘माझ्या हातून पुसल्या गेल्या’ खोडलं. ‘मी पुसल्या’ असं केलं, खाली पूर्ण नाव लिहिलं आणि प्रकाशित करा हे बटण दाबलं.

छातीवरचं काहीतरी उतरलं. खोटं कशाला सांगू — बरं वाटलं. फार बरं वाटलं.

काल शब्बीरभाई बाजारात दिसले. त्यांनी सलाम केला नाही. मी केला.